लेझर कटरचा ॲक्सिस अडकलाय? मोटर बदलण्याआधी या क्रमाने तपासा

एखादा ॲक्सिस (हेड, म्हणजे लेझर सोडणारा भाग, एका दिशेने सरकवणारी यंत्रणा: आडवी ती एक्स, पुढे-मागे ती वाय) हलेनासा झाला की बहुतेक जण आधी नवी मोटर मागवतात. मोटर येते, बसवली जाते, आणि ॲक्सिस होता तिथेच थरथरत राहतो. स्टेपर मोटर हा या साखळीतला सगळ्यात चिवट भाग आहे. तिच्यात ब्रश नसतात, झिजण्यासारखी असतात ती फक्त बेअरिंग. खरा दोष बहुधा चाकांवरच्या काजळीत, सैल ग्रब स्क्रूत (पुली, म्हणजे पट्टा ओढणारं दातेरी चाक, दांड्यावर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू), केबल वाकते त्या जागी, नाहीतर सॉफ्टवेअरमधल्या एखाद्या चुकून टिक झालेल्या चौकटीत असतो.

पुढची सगळी तपासणी एका गोष्टीवर उभी आहे. छंदासाठीच्या बहुतेक यंत्रांत ॲक्सिस खरोखर हलला की नाही, हे कंट्रोलरला (यंत्र चालवणाऱ्या बोर्डाला) कळतच नाही. तो ड्रायव्हरला (मोटरला प्रवाह देणाऱ्या चिपला) पल्स पाठवतो आणि हेड तिथे पोचलं असं धरून चालतो. स्क्रीनवर हेड २०० मिलिमीटरवर दिसत असेल, पण ते जागचं हललेलंही नसेल. त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा पुरावा म्हणून धरू नका. डोळ्यांनी दिसतं, कानांनी ऐकू येतं आणि मीटरवर उमटतं तेवढंच खरं.

## तयारी: स्क्रू उघडण्याआधी

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: १.५, २ आणि २.५ मिलिमीटरच्या ॲलन की, साधा मल्टिमीटर, मार्कर, टॉर्च, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. फोनचा कॅमेरा हाताशी ठेवा. प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी त्याचा फोटो घ्या, वायरींचे रंग दिसतील इतक्या जवळून.

कंट्रोलर जीआरबीएलवर (छोट्या यंत्रांच्या बोर्डांत चालणारी एक प्रणाली) चालत असेल तर कन्सोलमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या हुकूम टाइप करायच्या खिडकीत) $$ टाइप करा आणि येणारी सेटिंगची सगळी यादी फाइलमध्ये साठवून ठेवा. हे दोन मिनिटांचं काम टाळून सरळ आकडे बदलायला लागलात, तर दोन तासांनी मूळ आकडा कोणता होता हे सांगायला कोणी उरत नाही.

सावधान: कंट्रोलरला वीज चालू असताना मोटरचा प्लग काढू किंवा लावू नका. कॉइलमधला प्रवाह एकदम तुटला की उसळणारं व्होल्टेज ड्रायव्हर जाळू शकतं. मग एका बिघाडाचे दोन होतात, आणि दुसरा तुम्ही स्वतः केलेला असतो.

## टप्पा १: लेझर पूर्ण बंद करा

ॲक्सिस अडकलेला आणि बीम चालू, अशा वेळी सगळी शक्ती एकाच बिंदूवर पडत राहते. सामान पेटायला एवढं पुरतं. जीआरबीएलच्या लेझर मोडमध्ये वेग कमी झाला की पॉवर कमी करण्याची सोय आहे, पण ती कंट्रोलरला *वाटणाऱ्या* वेगावर चालते. हेड अडकलंय हे त्याला माहीतच नसतं, त्यामुळे इथे ती सोय कामाची नाही.

डायोड यंत्रात वीज बंद करून लेझर मॉड्यूलचा प्लगच काढून ठेवा. सीओटू यंत्रात (गॅसच्या काचेच्या ट्यूबमधून लेझर काढणाऱ्या) लेझरचा स्विच बंद करा. कव्हर उघडायचं असेल तर भिंतीतला मुख्य प्लगही काढा. ट्यूबच्या पॉवर सप्लायमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ ते टिकू शकतात. ॲक्सिसच्या दुरुस्तीसाठी ट्यूबच्या जाड लाल वायरीजवळ जायचं काहीच कारण नाही, तेव्हा तिकडे फिरकूही नका.

## टप्पा २: लक्षण नेमकं पकडा

"चालत नाही" एवढं म्हणून भागत नाही. हेड हाताने बेडच्या मधोमध आणा, वीज द्या, होमिंग (हेड स्विचपर्यंत नेऊन शून्याची जागा ठरवणं) करू नका. सॉफ्टवेअरमधून फक्त १० मिलिमीटरचा जॉग (हेड थोडंसं सरकवण्याचा हुकूम) द्या, वेग कमी ठेवा. (सुरुवातीलाच अलार्म दाखवून जॉग नाकारला तर कन्सोलमध्ये $ आणि त्याला जोडून इंग्रजी एक्स हे अक्षर टाइप केलं की कुलूप उघडतं.) आता बघा आणि ऐका:

- आवाज नाही, जॉग चालू असतानाही हेड हाताला सैल: मोटरला वीजच पोचत नाही. प्लग, केबल किंवा ड्रायव्हर. थेट टप्पा ५.
- आवाज नाही, पण हेड घट्ट धरून ठेवलेलं: वीज आहे, हलण्याचा हुकूम नाही. अलार्म किंवा सेटिंग. टप्पा ४.
- गुरगुर किंवा थरथर, हेड जागच्या जागी: एक कॉइल तुटलेली आहे, किंवा मार्ग अडलाय, किंवा ॲक्सेलरेशन झेपत नाही.
- मोटरचा दांडा फिरतो, हेड हलत नाही: पुलीचा ग्रब स्क्रू. पुढचं सगळं सोडा आणि तो घट्ट करा.
- दोन्ही दिशांचे हुकूम दिले तरी एकाच दिशेला जातो: दिशेचा सिग्नल ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही, किंवा ड्रायव्हर बिघडलाय.
- काही मिनिटं नीट चालून थांबतो, गार झाल्यावर पुन्हा चालतो: ड्रायव्हर तापून स्वतःला बंद करतोय. टप्पा ७.
- दर वेळी एकाच जागी अडकतो: त्या जागी रेलवर काहीतरी आहे, किंवा हेड तिथे आलं की केबल तुटक्या जागी ताणली जाते.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. जीआरबीएलमध्ये १ क्रमांकाची सेटिंग मूळ २५ असते. म्हणजे हालचाल थांबल्यावर २५ मिलिसेकंदांत मोटरचा प्रवाह सुटतो. थांबलेलं हेड हाताने सहज सरकलं तर तो बिघाड नाही. मोटरने कायम धरून ठेवावं असं वाटत असेल तर तिथे २५५ टाका. तपासणीपुरतं तसं करणं सोयीचंही पडतं, कारण मग "सैल की घट्ट" याचं उत्तर स्पष्ट मिळतं.

## टप्पा ३: वीज बंद, हाताने ढकला

ही पायरी बहुतेक जण गाळतात. निम्मे बिघाड इथेच उघडे पडतात.

वीज पूर्ण बंद करा. हेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत *सावकाश* सरकवा. सावकाश अशासाठी की फिरणारी स्टेपर मोटर जनित्र होते. जोरात ढकललंत तर तयार झालेली वीज उलटी ड्रायव्हरमध्ये घुसते. कधीकधी बंद बोर्डावरचे दिवेही लुकलुकतात.

सरकवताना बोटांना बारीक, एकसारख्या टिकटिक पायऱ्या जाणवतील. तो मोटरच्या चुंबकांचा स्वभाव आहे. शोधायची ती वेगळी जागा: जिथे अचानक जड होतं, खरखरतं, किंवा उडी मारून पुढे जातं. तिथे रेलवर मार्करने खूण करा.

जड लागलं तर पट्टा मोटरच्या पुलीवरून उतरवा आणि पुन्हा ढकला. अजूनही जड असेल तर दोष चाकांत किंवा रेलमध्ये. आता हलकं झालं असेल तर पट्टा, पुली किंवा मोटर. मोटरचा प्लग काढून दांडा बोटांनी फिरवून बघा. वाळू भरल्यासारखा खरखरला तर बेअरिंग गेलंय, आणि मोटर बदलायला हे खरं कारण आहे.

चाकं आणि रेल. व्ही आकाराच्या चाकांच्या यंत्रांत धुराची काजळी रेलवर बसते आणि चाकं ती दाबून तिचा चिकट थर करतात. टॉर्च तिरपा धरलात तर तो पिवळट-तपकिरी पट्टा दिसतो. अल्कोहोलने पुसून काढा. चाकांच्या खाचाही पुसा, चाक फिरवत फिरवत.

मग चाकांचा ताण बघा. रेल धरून एक चाक बोटाने फिरवा. थोड्या जोराने ते रेलवर घसरत फिरायला हवं. अजिबात फिरत नसेल तर एक्सेंट्रिक नट (वळवला की चाक रेलजवळ किंवा लांब नेणारा नट) जास्त घट्ट आहे. जराही जोर न लागता गरगर फिरत असेल तर सैल आहे. नट एका वेळी थोडासाच वळवा आणि दर वेळी पुन्हा ढकलून बघा. यंत्र महिनाभर घट्ट चाकांनी एकाच जागी उभं होतं का? मग चाकांवर सपाट डाग पडलेले असू शकतात. त्यांचा धक्का ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा जाणवतो. अशी चाकं बदलावीच लागतात.

सावधान: व्ही चाकांच्या रेलवर तेल किंवा ग्रीस लावू नका. दोन दिवस हलकं चालतं, मग तेलात धूर मिसळून खळ होते. स्टीलच्या रेलवर बॉल-बेअरिंगचे ब्लॉक असतील तर गोष्ट वेगळी: आधी पुसायचं, मग पातळ तेलाचा एखादा थेंब. आरसे आणि लेन्स तेलापासून लांब ठेवा. रेलवर तांबूस गंज दिसला तर यंत्रात कधी पीव्हीसी किंवा विनाईल कापलं गेलं होतं का, ते विचारा. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू धातू खातो, आणि माणसाच्या फुप्फुसांनाही सोडत नाही.

पट्टा आणि पुली. पट्ट्याच्या दातांत प्लायवुडचा कपचा अडकलेला असतो आणि तो फक्त पुलीखाली आल्यावर पट्टा उडी मारतो. म्हणून पूर्ण लांबी फिरवून बघा. पट्टा तुटेपर्यंत ताणणं ही उलट्या टोकाची चूक. त्याने मोटरच्या बेअरिंगवर बाजूने जोर येतो आणि ॲक्सिस आणखी जड होतो. दोन बोटांनी दाबला की थोडा दबावा, पण दात सुटू नयेत. मोटरच्या दांड्याला सपाट बाजू असेल तर एक ग्रब स्क्रू नेमका तिच्यावरच टेकायला हवा. तो गोल भागावर आवळलेला असेल तर कितीही घट्ट केला तरी पुन्हा घसरेल.

वाय ॲक्सिसला दोन बाजू असतील तर चौकट तिरपी झालीय का ते बघा. वीज बंद ठेवून गँट्रीची (हेड वाहणाऱ्या आडव्या दांडीची) दोन्ही टोकं पुढच्या फ्रेमला टेकवा. एक बाजू आधी टेकली तर एका बाजूची पुली किंवा जोडदांड्याचा कपलर सैल करा, दोन्ही टोकं टेकवून धरा आणि मग आवळा. तिरप्या गँट्रीची चाकं रेलमध्ये आडवी अडकतात. बाहेरून हे अगदी मोटर दमल्यासारखं दिसतं.

तपासा: हेड आता दोन्ही टोकांपर्यंत एकसारख्या जोराने सरकतंय का? नसेल तर पुढे जाऊ नका. यांत्रिक अडथळा तसाच ठेवून ड्रायव्हरचा प्रवाह वाढवणं म्हणजे हँडब्रेक न सोडता ॲक्सिलरेटर दाबणं.

## टप्पा ४: सॉफ्टवेअर आणि लिमिट स्विच

सगळ्यात आधी रोटरी मोड. गोल वस्तूंवर कोरण्यासाठी तो कोणीतरी चालू केलेला असतो आणि बंद करायचा राहतो. मग वाय ॲक्सिस जेमतेम हलतो किंवा भलत्याच अंतराने हलतो, आणि माणूस मोटर उघडून बसतो. ही चौकट बघायला काही सेकंद लागतात.

त्यानंतर अलार्म. जीआरबीएलमध्ये अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच (ॲक्सिसच्या टोकाला हेड थांबवणारा स्विच) दाबला गेला. २ म्हणजे दिलेला हुकूम ठरलेल्या हद्दीबाहेर जातो. ८ म्हणजे होमिंगनंतर मागे सरकूनही स्विच सुटला नाही, आणि ९ म्हणजे शोधूनही स्विच सापडला नाही. अलार्म ९ अडकलेल्या ॲक्सिसचा नेहमीचा सोबती आहे: हेड हललंच नाही, मग स्विच सापडणार कुठून? आठ आला की स्विच, त्याची वायर किंवा स्विचच्या पात्यात अडकलेला कचरा बघा.

स्विच तपासायला कन्सोलमध्ये प्रश्नचिन्ह टाका. हेड मध्यावर असतानाही उत्तरात त्या ॲक्सिसचं लिमिट दाबलेलं दिसलं, तर स्विच अडकलाय किंवा वायर कुठेतरी टेकतेय. मग स्विच हाताने दाबून पुन्हा विचारा. उत्तर बदलायला हवं. के४० जातीच्या (छोट्या, स्वस्त सीओटू) अनेक यंत्रांत बटणाऐवजी प्रकाशाचे सेन्सर असतात. ते काजळीने आंधळे होतात आणि फुंकर मारून, पुसून पुन्हा चालतात.

आता वेगाचे आकडे. $$ च्या यादीत ११० आणि १११ या सेटिंग म्हणजे एक्स आणि वायचा कमाल वेग, १२० आणि १२१ म्हणजे ॲक्सेलरेशन, १०० आणि १०१ म्हणजे एका मिलिमीटरला किती पायऱ्या. शेवटचा आकडा हिशोबाने पडताळता येतो. १.८ अंशांची मोटर एका फेरीला २०० पूर्ण पायऱ्या घेते. १६ भागांच्या मायक्रोस्टेपिंगने (ड्रायव्हर प्रत्येक पायरीचे बारीक भाग करतो) त्या ३,२०० होतात. २ मिलिमीटर दातांचा पट्टा आणि २० दातांची पुली असेल तर एका फेरीला ४० मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला ८० पायऱ्या. तुमच्या यंत्रात ८० च्या जागी ८०० दिसत असेल तर मोटर दहापट वेगाने फिरायचा प्रयत्न करणार आणि जागच्या जागी किंचाळणार.

आकडे बरोबर वाटले तरी वेग आणि ॲक्सेलरेशन दोन्ही तात्पुरते निम्मे करा आणि पुन्हा जॉग द्या. आता हलला तर कॉइल, केबल, ड्रायव्हर जिवंत आहेत. प्रश्न जोराचा आहे. टप्पा ३ पुन्हा नजरेखालून घाला, मगच टप्पा ७.

## टप्पा ५: केबल आणि कॉइल मोजा

वीज बंद. मोटरच्या केबलचा *कंट्रोलरकडचा* प्लग काढा आणि तिथून मोजा. मोटरच्या तोंडाशी मोजलंत तर फक्त मोटर तपासली जाते. कंट्रोलरच्या टोकाकडून मोजलंत तर केबल आणि मोटर दोन्ही एकदम.

चार वायरींच्या मोटरमध्ये दोन कॉइल असतात. ज्या दोन वायरींत काही ओहम रोध मिळतो ती एक जोडी. दुसरी जोडी जवळजवळ तेवढाच आकडा दाखवायला हवी. एका जोडीतून दुसऱ्या जोडीत काहीच जोडणी नको, आणि कुठल्याही वायरीतून मोटरच्या धातूच्या अंगाला तर मुळीच नको.

एक जोडी उघडी दिसली तर आधी केबलवर संशय घ्या. केबल चेनमध्ये किंवा गँट्रीच्या कोपऱ्यावर ती हजारो वेळा वाकते, आणि आवरण शाबूत राहून आतली तार तुटते. मीटरची टोकं लावून ठेवा, हेड एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताने केबल ठिकठिकाणी हलवा. हेड सरकवून बघायचं असेल तर सरकवा, *थांबा*, मग वाचा. मोटर फिरत असताना मीटरवरचा आकडा नाचतोच, कारण ती स्वतः वीज तयार करते. तो नाच बघून चांगल्या केबली फेकल्या जातात.

के४० यंत्रांत एक्स मोटरची वीज अनेकदा सपाट रिबन केबलमधून जाते. तिचं टोक सॉकेटमधून किंचित तिरपं निघालं तरी एक कॉइल सुटते. बाहेर काढा, टोकं पुसा, सरळ बसवा. रिबनला घडी पडून भेग दिसत असेल तर ती बदला.

## टप्पा ६: अदलाबदल

मोजमापात सगळं ठीक दिसूनही ॲक्सिस हलत नसेल तर वीज बंद करून एक्स आणि वायचे प्लग कंट्रोलरवर आपसात बदला. आधी दोन्ही प्लगांतला वायरींचा क्रम सारखा आहे का, म्हणजे कॉइलच्या जोड्या त्याच जागी येतात का, ते बघा.

सावधान: या अवस्थेत होमिंग अजिबात करू नका. एक्सचा हुकूम वायला हलवतोय, पण थांबवणारा स्विच एक्सचाच आहे. हेड फ्रेमला जाऊन धडकेल. हेड मध्यावर, ५ मिलिमीटरचा जॉग, बोट वीजेच्या बटणावर.

समजा बिघाड एक्सचा होता. आता एक्सचा जॉग दिल्यावर वायची मोटर छान हलली, तर एक्सचा ड्रायव्हर चांगला आहे. दोष एक्सच्या केबलमध्ये किंवा मोटरमध्ये. वायची मोटरही थरथरली किंवा गप्प बसली, तर दोष बोर्डावर. वायला दोन मोटरी असतील तर एका ड्रायव्हरवर दोन्हींचा भार येतो. अशा वेळी त्यातली एकच जोडून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निकाल कागदावर लिहा. प्लग आणि ड्रायव्हर एकदम बदलले तर यश आलं तरी ते कशामुळे आलं, हे कळणार नाही.

पॉवर सप्लायवर संशय येत असेल तर एक साधा विचार करा. सप्लाय कमी पडला तर त्रास दोन्ही ॲक्सिसना होतो, आणि जड गँट्री ओढणाऱ्या वायला आधी. एकटा एक्स अडकला असेल तर सप्लायच्या मागे वेळ घालवू नका.

## टप्पा ७: ड्रायव्हर

बऱ्याच डायोड यंत्रांत ड्रायव्हर बोर्डावरच डकवलेला असतो, प्रवाहाचा पॉट (प्रवाह कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) नसतो. तिथे पंखा चालू आहे का, हीटसिंक निघून पडलाय का, एवढंच बघता येतं. बाकी बोर्ड बदलणं.

ड्रायव्हर सुटा असेल तर त्याच्या छोट्या पॉटवरचं संदर्भ व्होल्टेज मोजा. ए४९८८ जातीच्या ड्रायव्हरवर ०.१ ओहमचे सेन्स रेझिस्टर (प्रवाह मोजणारे छोटे रोध) असतील तर ०.८ व्होल्टला १ अँपिअर, ०.०५ ओहमचे असतील तर ०.४ व्होल्टला १ अँपिअर. डीआरव्ही८८२५ जातीच्या ड्रायव्हरवर ०.५ व्होल्टला १ अँपिअर. मोटरवर लिहिलेल्या प्रवाहापेक्षा थोडं खालीच थांबा. पॉट केसभर फिरवा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हर घसरून शेजारच्या पिनला लागला तर ड्रायव्हर तिथेच संपतो, म्हणून फिरवताना वीज बंद, मोजताना चालू, हीच सवय बरी.

चालता चालता थांबणाऱ्या ॲक्सिसला प्रवाह *वाढवणं* हा उलटा उपाय आहे. तापून बंद पडणारा ड्रायव्हर आणखी लवकर बंद पडेल. आधी हवा खेळती करा, मग प्रवाह किंचित कमी करून बघा.

नवा ड्रायव्हर लावताना दिशा फोटोशी ताडून पाहा. उलटा लावलेला ड्रायव्हर वीज देताच जळतो. ए४९८८ च्या जागी डीआरव्ही८८२५ लावलात तर ड्रायव्हरखालचे तिन्ही जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) तेच राहूनही मायक्रोस्टेपिंग १६ वरून ३२ होतं, आणि ॲक्सिस सांगितलेल्या अंतराच्या निम्माच जातो. दोष नवा नाही, फक्त पायऱ्यांचा आकडा दुप्पट करायचा.

## टप्पा ८: परत कामाला लावताना

प्लग मूळ जागी आलेत का ते पहिल्या फोटोशी जुळवा. वेग आणि ॲक्सेलरेशन अजून निम्मेच असू द्या. लेझर बंद ठेवूनच होमिंग करा. नीट झालं तर रेलवर हेडच्या कडेला मार्करची बारीक रेघ मारा आणि लांब पल्ल्याच्या मागे-पुढे फेऱ्या चालवून हेड त्याच आकड्यावर परत आणा. कड रेघेवर आली तर पायऱ्या हुकत नाहीत. रेघ चुकली, आणि दर वेळी एकाच बाजूला चुकली, तर पुली पुन्हा बघा. वेग थोडा थोडा वाढवत, दर वाढीला हीच रेघ तपासत जुन्या आकड्यांपर्यंत या. १ क्रमांकाची सेटिंग बदलली असेल तर तीही परत घ्या.

मग लेझर मॉड्यूल जोडा, त्या तरंगलांबीचा चष्मा घाला (निळ्या डायोडला साधारण ४५० नॅनोमीटर, सीओटूला १०,६००), आणि पुठ्ठ्यावर कमी पॉवरने १०० मिलिमीटरचा चौकोन काढा. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक आला तर गँट्री अजून तिरपी आहे, टप्पा ३ मधला वायचा भाग पुन्हा करा. चौकोनाची शेवटची रेघ पहिल्या रेघेला टेकली नाही तर पायऱ्या अजून हुकताहेत. ज्या बाजूला उघडा राहिला, त्या बाजूचा पट्टा आणि पुली आधी तपासा.